दिवाणी दाव्यातील वादपत्र व कैफियतीत दुरुस्ती : नियम, वेळ आणि न्यायालयांची भूमिका

बीरगांव (रायपूर, छत्तीसगड) : दिवाणी न्यायालयात एकदा दाखल केलेले वादपत्र किंवा लेखी कैफियत पुढे बदलता येते का, हा प्रश्न जमिनीच्या वादात सापडलेल्या बहुतेक पक्षकारांना कधी ना कधी पडतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ६, नियम १७ अन्वये अशी दुरुस्ती करता येते. ती कोणत्या टप्प्यावर मागितली आणि तिने दाव्यात नेमके काय बदलते, या दोन गोष्टींवर परवानगी अवलंबून असते. २००२ पासून यातील पहिल्या गोष्टीला, म्हणजे वेळेला, कायद्याने विशेष महत्त्व दिले आहे.

रायपूरच्या उत्तरेला उरला औद्योगिक क्षेत्राला लागून असलेल्या बीरगांवसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक तीव्र होतो. कारखान्यांच्या आधाराने गावाचे शहर झाले आणि आज तेथे स्वतंत्र महानगरपालिका आहे. शेतजमिनीचे तुकडे पडून भूखंड झाले की एका खसऱ्याचे अनेक उपक्रमांक तयार होतात. खसरा म्हणजे महाराष्ट्रातील गट किंवा सर्व्हे क्रमांकासारखा जमिनीचा क्रमांक. खरेदीखतातील क्रमांक, महसुली नोंदीतील क्रमांक आणि जागेवरची हद्द यांचा मेळ बसेलच असे नाही.

समजा, बीरगांवातील एका कामगाराने भूखंड घेतला. शेजाऱ्याने हद्दीवर हक्क सांगताच त्याने कायम मनाई हुकुमासाठी रायपूरच्या न्यायालयात दावा लावला. वादपत्रात खसऱ्याचा उपक्रमांक चुकीचा टंकलिखित झाला. दावा चालू असतानाच शेजाऱ्याने भिंत घालून जागेचा काही भाग ताब्यात घेतला. आता या वादीपुढे दोन वेगळ्या दुरुस्त्या उभ्या राहतात. क्रमांकाची चूक तशीच राहिली तर दावा जिंकूनही मिळणारी डिक्री भलत्याच जमिनीची असेल आणि तिची अंमलबजावणी अडेल. ताबा गेल्याचे कथन आणि ताबा परत देण्याची मागणी वादपत्रात आली नाही, तर ताबा असल्याच्या गृहीतावर मागितलेला मनाई हुकूम निरुपयोगी ठरेल. पहिली दुरुस्ती वर्णनापुरती आहे, तर दुसरीने दाव्याचे स्वरूपच विस्तारते. कायदा या दोहोंकडे एकाच नजरेने पाहत नाही.

कागदावर नसलेले न्यायालयात टिकत नाही

वादीचे वादपत्र आणि प्रतिवादीची लेखी कैफियत यांना मिळून कायद्याच्या भाषेत अभिवचने म्हणतात. अभिवचनात न मांडलेल्या मुद्द्यावर दिलेला पुरावा साधारणपणे विचारात घेतला जात नाही आणि न मागितलेली दाद न्यायालय सहसा देत नाही. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून कितीही खरे बोलला, तरी ती गोष्ट वादपत्रात किंवा कैफियतीत नसेल तर विरुद्ध पक्षाचा वकील लगेच हरकत घेतो. ही हरकत तांत्रिक वाटते. तिच्यामागचे तत्त्व मात्र साधे आहे : आपल्याला कशाला उत्तर द्यायचे आहे, हे समोरच्याला आधी कळले पाहिजे. दुरुस्तीचा नियम याच तत्त्वाची दुसरी बाजू आहे. मूळ कागद लिहिताना काही राहून गेले, काही चुकले किंवा नंतर परिस्थिती बदलली, तर खरा वाद न्यायालयासमोर यावा म्हणून हा दरवाजा ठेवला आहे.

रायपूर परिसरातील मराठी कुटुंबांना येथे भाषेचा एक चकवा लागतो. छत्तीसगडमधील कनिष्ठ न्यायालयांचे कामकाज मुख्यतः हिंदीत चालते. तेथे दुरुस्तीच्या अर्जाला ‘संशोधन आवेदन’ म्हणतात आणि कैफियतीला ‘जवाबदावा’. मराठीत संशोधन म्हणजे शोधकार्य. हिंदी कायदेशीर कागदात मात्र तो शब्द दुरुस्तीसाठी येतो. नियम दोन्हीकडे एकच, केंद्रीय संहितेचा आहे. १९५६ पर्यंत रायपूर ज्या राज्यात होते त्याचे उच्च न्यायालय नागपुरात होते. पुढे ते जबलपूरकडे गेले आणि १ नोव्हेंबर २००० पासून बिलासपूरला आहे.

मुंबईचा १९०९ चा निर्णय

या विषयावरील भारतीय न्यायविचाराचा पाया मुंबई उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निर्णयात सापडतो. ‘किसनदास रूपचंद विरुद्ध राचप्पा विठोबा’ या १९०९ मधील प्रकरणात वादींचे म्हणणे असे होते की, भागीदारीच्या करारानुसार त्यांनी प्रतिवादींना ४,००१ रुपयांचे कापड दिले. त्यांनी भागीदारी विसर्जित करून हिशेब मागितला. कापड दिल्याचे न्यायालयाने मान्य केले, पण भागीदारी अस्तित्वात आलीच नव्हती असा निष्कर्ष काढला. मग अपिलात वादींनी भागीदारीचा मुद्दा सोडला आणि ४,००१ रुपये परत मिळावेत अशी मागणी वादपत्रात घालण्याची परवानगी मागितली. तोवर त्या रकमेच्या वसुलीची मुदत संपलेली होती.

तरीही दुरुस्ती योग्य ठरली. कापड दिले, पैसे मिळाले नाहीत, ही वस्तुस्थिती मूळ वादपत्रात होतीच. नवी हकीकत काहीही आणलेली नव्हती. न्या. बॅचलर यांनी यात दोन कसोट्या घालून दिल्या. दुरुस्तीमुळे दुसऱ्या पक्षावर अन्याय होता कामा नये आणि पक्षांमधील खरे वादप्रश्न ठरवण्यासाठी ती आवश्यक असली पाहिजे. दुसऱ्या पक्षाला झालेला त्रास खर्च देऊन भरून निघत असेल तर दुरुस्ती द्यावी. पैशाने भरून न निघणारी हानी होत असेल तर नाकारावी.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ‘पिरगोंडा होनगोंडा पाटील विरुद्ध कलगोंडा शिदगोंडा पाटील’ या, मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या अपिलात याच कसोट्या स्वीकारल्या. त्या दाव्यातील वादपत्रात आवश्यक तपशील नव्हता आणि ही उणीव प्रतिवादीने आपल्या कैफियतीत दाखवूनही दिली होती. अपिलात, खर्चाच्या अटीवर, तपशील भरण्याची परवानगी उच्च न्यायालयाने दिली. ती कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, यातून नवे प्रकरण उभे राहत नाही आणि प्रतिवादी गाफीलही पकडला गेलेला नाही, कारण नेमके काय उणे आहे हे त्यालाच ठाऊक होते. न्यायालये आजही दुरुस्तीचे अर्ज निकाली काढताना या दोन निर्णयांचा आधार घेतात.

नियम वगळला गेला आणि परत आला

उदार धोरणाचा गैरवापरही झाला. पुरावा संपत आला की दुरुस्तीचा अर्ज टाकायचा, त्यावर विरुद्ध पक्षाचे म्हणणे, युक्तिवाद, आदेश, मग वरच्या न्यायालयात आव्हान. यात दावा वर्षानुवर्षे रखडे. संसदेने १९९९ च्या दुरुस्ती कायद्याने नियम १७ काढूनच टाकायचे ठरवले. त्या कायद्यातील अनेक तरतुदींना वकील संघटनांनी तीव्र विरोध केला. अखेर २००२ च्या दुरुस्ती कायद्याने नियम परत आणला, पण त्याला एक परंतुक जोडले. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या या परंतुकानुसार, ट्रायल सुरू झाल्यानंतर दुरुस्तीचा अर्ज मंजूर करता येत नाही. अपवाद एकच : योग्य ती तत्परता दाखवूनही पक्षकाराला ही बाब ट्रायलपूर्वी मांडता आली नसती, अशी न्यायालयाची खात्री झाली पाहिजे. ‘सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशन’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बदल वैध ठरवले.

सर्वाधिक वाद याच परंतुकावर होतात. ट्रायल कधी सुरू होते? वादप्रश्न, म्हणजे न्यायालयीन बोलीतले ‘मुद्दे’, काढले गेल्यावर, की साक्षीपुरावा सुरू झाल्यावर? ‘विद्याबाई विरुद्ध पद्मलता’ या २००९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सरतपासाचे प्रतिज्ञापत्र दाखल होणे ही सुरुवात मानली आणि परंतुक न्यायालयाच्या अधिकारावरच मर्यादा घालते, असे स्पष्ट केले. अन्य काही निर्णयांत मुद्दे निश्चित होण्याचा दिवस धरलेला आढळतो. पक्षकाराच्या दृष्टीने सुरक्षित मार्ग म्हणजे मुद्दे काढले जाण्यापूर्वीच अर्ज देणे. २००२ पूर्वी दाखल झालेल्या अभिवचनांना मात्र हे परंतुक लागू होत नाही.

‘टंकलेखनाची चूक’ हे कारण सर्रास दिले जाते, पण ते नेहमी चालत नाही. ‘जे. सॅम्युअल विरुद्ध गट्टू महेश’ या २०१२ च्या प्रकरणात करारपूर्तीच्या दाव्यातील वादींनी, आपण कराराची आपली बाजू पार पाडण्यास सदैव तयार होतो, हे कायद्याने तेव्हा आवश्यक असलेले कथनच वादपत्रात केले नव्हते. युक्तिवाद संपल्यानंतर, ते टंकलेखनात राहून गेले असे सांगून दुरुस्ती मागण्यात आली. एखादा अंक किंवा अक्षर चुकणे समजू शकते; अख्खे आवश्यक कथन वगळले जाणे ही टंकलेखनाची चूक नव्हे, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. बीरगांवच्या आपल्या काल्पनिक वादीचा खसऱ्याचा आकडा या फरकाच्या बऱ्या बाजूला पडतो. खरेदीखतात बरोबर क्रमांक असेल तर चूक उघड आहे. तरीही ती लक्षात येताच अर्ज द्यायला हवा, कारण उलटतपासात चूक दाखवली गेल्यानंतर आलेल्या अर्जाकडे न्यायालय संशयाने पाहते.

दावा चालू असताना घडलेली घटना

दाव्याच्या दिवशी अस्तित्वात नसलेली गोष्ट वादपत्रात कशी असणार? ताबा नंतर गेला, घर नंतर पाडले, मालमत्ता नंतर विकली, अशा घटनांसाठी न्यायालये दुरुस्ती तुलनेने सहज देतात. ‘संपत कुमार विरुद्ध अय्याकन्नू’ या २००२ च्या निर्णयात केवळ मनाई हुकुमाचा दावा होता. तो प्रलंबित असताना ताबा हिरावला गेला, असे वादीचे म्हणणे होते. दाव्यानंतर अकरा वर्षांनी त्याने मालकी जाहीर करून ताबा देण्याची मागणी घालण्याची परवानगी मागितली. खालच्या न्यायालयांनी ती नाकारली, सर्वोच्च न्यायालयाने दिली. याच कारणावरून वादी नवा दावा लावू शकत असेल, तर त्याला तसे करायला लावून एकाच वादाचे दोन दावे कशासाठी वाढवायचे, असा त्यामागचा विचार होता.

या निर्णयात एक बारीक पण महत्त्वाची अट आहे. सामान्यतः मंजूर झालेली दुरुस्ती मूळ दाव्याच्या तारखेपासून केली असे मानले जाते. या प्रकरणात मात्र ती अर्जाच्या तारखेपासून धरावी असे न्यायालयाने सांगितले, म्हणजे दरम्यानच्या काळात प्रतिवादीला मुदतीचा काही बचाव मिळालेला असेल तर तो बुडू नये. भिंत उभी राहून सात-आठ वर्षे गप्प बसलेल्या वादीने ही अट मुद्दाम लक्षात घ्यावी. मालकी हक्कावर आधारित ताब्याच्या दाव्यासाठी मुदत बारा वर्षांची असते, पण केवळ हक्क जाहीर करून मागण्याची मुदत तीन वर्षांचीच आहे.

मुदत संपलेली मागणी दुरुस्तीच्या वाटेने आत आणता येते का, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. गोव्यातील ‘साउथ कोकण डिस्टिलरीज’ प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिदाव्यात मुदतबाह्य मागणी घालू देण्यास नकार दिला. याउलट, मुंबईतील एका मालमत्तेच्या कराराबाबत १९८६ मध्ये लावलेल्या दाव्यात नुकसानभरपाईचा आकडा १ कोटी १ लाख रुपयांवरून ४०० कोटींवर नेण्याची परवानगी मागितली गेली आणि ‘आयुर्विमा महामंडळ विरुद्ध संजीव बिल्डर्स’ या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२२ रोजी ती कायम केली. नुकसानभरपाईची पर्यायी मागणी मूळ वादपत्रात आधीच होती. बदलला तो फक्त आकडा. १९०९ च्या कापडाच्या दाव्यातील तर्क येथे शतकानंतर पुन्हा भेटतो. आकडा मंजूर करण्याचा अर्थ तो खरा मानला असा नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे. दुरुस्तीच्या टप्प्यावर न्यायालय नव्या कथनाच्या खरेखोटेपणात शिरत नाही. ते पुढे पुराव्याने ठरते.

प्रतिवादीला अधिक मोकळीक

कैफियतीतील दुरुस्तीकडे न्यायालये वादपत्रातील दुरुस्तीपेक्षा उदारपणे पाहतात. प्रतिवादी पर्यायी, अगदी परस्परविसंगत बचावही घेऊ शकतो; वादीला दाव्याचे कारण तसे पालटता येत नाही. मर्यादा आहे ती कबुलीची. आधी कैफियतीत मान्य केलेली गोष्ट दुरुस्तीने पूर्णपणे पुसून वादीचा आधारच काढून घेता येणार नाही, असे ‘मोदी स्पिनिंग’ प्रकरणात १९७६ मध्ये ठरले. कबुली कायम ठेवून तिचा खुलासा करणे किंवा तिला अट जोडणे मात्र शक्य आहे. महाराष्ट्रातील एका कुटुंबाच्या वाटपाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये असाच भेद करून दुरुस्ती मंजूर केली होती.

अर्जापासून दुरुस्त प्रतीपर्यंत

अर्जात कोणत्या परिच्छेदातील कोणता मजकूर वगळायचा, कोठे कोणता शब्दशः घालायचा, हे नेमके लिहावे लागते. ‘आवश्यक ते बदल करू द्यावेत’ अशी मोघम विनंती पुरत नाही. दुरुस्ती का हवी, ती आधी का मागितली नाही आणि ट्रायल सुरू झाली असल्यास कोणती तत्परता दाखवली, याची हकीकत तारखांसह द्यावी. सोबत प्रतिज्ञापत्र आणि आधाराची कागदपत्रे जोडावीत : खरेदीखत, महसुली उतारा, मोजणी नकाशा. अर्जाची प्रत विरुद्ध पक्षाला दिली जाते, त्याचे ‘म्हणणे’ येते, युक्तिवाद होतो आणि न्यायाधीश कारणांसह आदेश देतात. विलंबाच्या प्रमाणात खर्च भरण्याची अट घातली जाते. हा खर्च भरण्याची टाळाटाळ करू नये. तो परवानगीची पूर्वअट म्हणून घातलेला असू शकतो.

आदेश मिळाल्यावर काम संपले असे समजून थांबणारे पक्षकार बरेच असतात आणि फटका येथेच बसतो. आदेशात मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर आदेशापासून चौदा दिवसांत प्रत्यक्ष दुरुस्ती करून घ्यावी लागते. नियम १८ प्रमाणे ही मुदत टळली की न्यायालयाने वाढवून दिल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. मूळ वादपत्रावर बदल नोंदवून सही केली जाते किंवा दुरुस्त प्रत दाखल होते. यात स्थानिक प्रथा वेगवेगळ्या आहेत. मागणीची किंमत वाढली तर फरकाची कोर्ट फी भरावी लागते. वाढीव किंमत त्या न्यायालयाच्या आर्थिक अधिकारापलीकडे गेली, तर वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत दिले जाऊ शकते. वादपत्र बदलल्यावर प्रतिवादीला बदललेल्या भागापुरती जादा कैफियत देण्याची संधी मिळते आणि गरज पडल्यास न्यायालय नवे मुद्दे काढते.

नवा पक्षकार जोडणे आणि मयत पक्षकाराचे वारस आणणे हे दुरुस्तीसारखेच दिसणारे पण वेगळ्या नियमांचे विषय आहेत. वारसांसाठी साधारणपणे मृत्यूपासून नव्वद दिवसांची मुदत असते. ती चुकली तर दावा त्या पक्षकारापुरता संपुष्टात येतो. नव्याने जोडलेल्या पक्षकाराविरुद्ध दावा, न्यायालयाने वेगळे न सांगितल्यास, त्याला जोडल्याच्या दिवसापासून लागला असे मानतात. दुरुस्तीच्या एकाच अर्जात हे सारे कोंबण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती टाळलेली बरी, कारण प्रत्येकाची कसोटी निराळी आहे. न्यायाधीशांच्या निकालातील किंवा डिक्रीतील लेखनिकाची चूक कलम १५२ खाली कधीही सुधारता येते. परंतु वादपत्रातच खसरा चुकीचा असेल आणि निकालात तोच उतरला असेल, तर ती न्यायालयाची चूक म्हणता येईल का, यावर पुन्हा वाद उभा राहतो.

अर्ज फेटाळला गेला किंवा विरुद्ध पक्षाचा मंजूर झाला, तर या आदेशावर थेट अपील नाही. २००२ च्या बदलांनंतर पुनरीक्षणाचा मार्गही अरुंद झाला आहे, कारण असा आदेश बहुधा दावा निकाली काढणारा नसतो. त्यामुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयाकडे जावे लागते; बीरगांवच्या पक्षकारासाठी बिलासपूरला, महाराष्ट्र आणि गोव्यातील पक्षकारासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या संबंधित पीठाकडे. कनिष्ठ न्यायालयाने अधिकाराची मर्यादा ओलांडली किंवा उघड अन्याय झाला, इतकेच तेथे पाहिले जाते. दुरुस्ती नाकारणारा आदेश दाव्याच्या अंतिम निकालाविरुद्धच्या अपिलातही आक्षेपाचा मुद्दा करता येतो आणि अपिलीय न्यायालयालाही दुरुस्ती मंजूर करण्याचा अधिकार आहे.